दार बंद हाय
रांजणगावला निघालेल्या कंपनीच्या बसमध्ये सुवर्णा मोबाईलवर वाकली होती. तिच्या ग्रुपवर सगळे मिळून एका बंद पडलेल्या मालिकेची गोष्ट पुढं लिहायचे. प्रत्येकानं त्यातलं एक पात्र घ्यायचं आणि त्याच्याच तोंडून बोलायचं. आज मालिकेतल्या राणीच्या पात्राची जागा रिकामी झाली होती, आणि कंपनीच्या गेटवर मोबाईल जमा करायच्या आत सुवर्णाला आपलं पात्र कळवायचं होतं. राणीचं पहिलं वाक्य लिहून तिनं शेजारच्या नीलमला दाखवलं. "'आम्ही प्रसन्न आहोत'? तू अशी कवा बोलती गं?" सुवर्णानं वाक्य पुसलं आणि राणी सोडून रखमा घेतली, गडाचं दार राखणारी. मालिकेत तिला एकच वाक्य होतं. तिनं लिहिलं, "रखमा हाय." लगेच सात जणांचे हलणाऱ्या हाताचे इमोजी आले: "हाय रखमा", "हाय, हाय". नीलमला हसू आवरेना. सुवर्णाचे अंगठे मात्र थांबले नाहीत. "हात कशापायी हलवताय? दार बंद हाय." मग, सुवर्णानं सोडलेली राणी तेवढ्यात घेतलेल्या, ग्रुपमधल्या पुण्याच्या एका मुलीनं लिहिलं, "रखमा, दार उघड. आम्ही राणी आहोत." "कशावरून?" सुवर्णानं विचारलं. बस गेटवर थांबली. पलीकडं राणी अजून टाईप करत होती. सुवर्णानं मोबाईल वॉचमनकडं दिला आणि राणीला आठ तास दाराबाहेर उभं ठेवून ती पाळीवर आत गेली.