धाकटीची सोबत

"तिला प्रयोगशाळेचा कोर्स करायचाय," थोरलीने समुपदेशक बाईंना सांगितलं आणि धाकटीने मान हलवली.

बाईंनी पेन खाली ठेवलं. "तिलाच बोलू दे की."

थोरली हसून गप्प बसली. धाकटी आपल्या चपलांकडे बघत होती. शेवटी थोरलीलाच राहवलं नाही. ही पहिल्यापासून अबोल आहे, परक्या माणसापुढे हिच्या तोंडून शब्द फुटत नाही, असं तिने बाईंना समजावून सांगितलं.

दोघी जुळ्या. थोरली काही मिनिटांचीच मोठी, पण तेवढं मोठेपण तिने मनापासून निभावलं होतं. शाळेत दोघी एकाच बाकावर. धाकटीला काय आवडतं, काय सोसत नाही, आज ती गप्प का आहे, हे सगळं थोरलीच सांगायची. आई इस्पितळात परिचारिका. तिच्या पाळ्या सतत बदलायच्या. "तू आहेस म्हणून मला तिचा घोर नाही," असं ती थोरलीला म्हणायची.

थोरलीचं स्वतःचं कधीच ठरलं होतं. घराजवळच्या तंत्रमहाविद्यालयात फर्निचर बनवायला शिकायचं. शाळेच्या सुतारकामाच्या वर्गात तिचं मन रमायचं. धाकटीही तिथे यायची, थोरलीच्या मते तिच्या मागे मागे. शेवटच्या वर्षी दोघींनी एकेक स्टूल केलं. धाकटीच्या स्टुलाचे सांधे इतके बिनचूक बसले, की सरांनी ते वर्गभर फिरवून दाखवलं. मीच शिकवलं तिला, असं थोरलीने सगळ्यांना सांगितलं. ते अगदीच खोटं नव्हतं.

परीक्षा संपल्यावर धाकटी तिला पुन्हा पुन्हा विचारायची, "तुझं नक्की ना? फर्निचरच?" थोरलीला भरून यायचं. बिचारी ताटातुटीला घाबरतेय, तिला वाटायचं. नक्की, ती म्हणायची, पण घाबरू नकोस, मी आहे.

आणि मग, समुपदेशक बाईंकडे जायच्या थोडंसं आधी, एका सकाळी धाकटीने आपला कोर्स जाहीर केला. रक्त तपासायचा. लांबच्या शहरात, वसतिगृहात राहून. साधं बोट कापलं तरी हिला घेरी येते, ही काय रक्त तपासणार, आईला नवल वाटलं. नोकरी लगेच लागते, एवढंच धाकटी म्हणाली.

तिचं कॉलेज आधी सुरू झालं. बॅग थोरलीनेच भरली. बस सुटली तेव्हा धाकटीने खिडकीतून हात हलवला आणि बस वळायच्या आतच ती समोर बघायला लागली.

त्या दिवशी आई दुपारपाळीला होती. थोरली कोपऱ्यावरच्या दुकानात गेली आणि सवयीने म्हणाली, "आम्हाला ब्रेड हवाय." दुकानदाराने तिच्या मागे पाहिलं. दुसरी कुठाय, त्याने विचारलं. बाहेरगावी शिकायला गेली, तिने सांगितलं. घरी येऊन तिने दार लावलं आणि काहीतरी सांगायला तोंड उघडलं. ऐकायला कुणी नव्हतं. मग काय सांगायचं होतं तेही तिला आठवेना.

ती रोज फोन करायची. धाकटी तुटक बोलायची. मागे मुलींचा गलका ऐकू यायचा. एकदा थोरलीने विचारलं, "तू एकटीच बसतेस ना ग?"

पलीकडे जरा वेळ शांतता. मग धाकटी म्हणाली, "मी बरी आहे."

ती शांतता थोरलीच्या डोक्यातून जाईना. कुढत असणार ती, सांगत नाही एवढंच. तिने त्या कॉलेजात चौकशी केली. एक मुलगी मधेच सोडून गेली होती, जागा रिकामी होती. थोरलीने ती घेतली. सुतारकामाच्या सरांना सांगायला गेली, तेव्हा ते हातातला रंधा पुसत होते. तुझं काय, त्यांनी विचारलं. तिला माझी गरज आहे, ती म्हणाली. सर पुन्हा कामाकडे वळले. रंधा पुसत राहिले.

आईचे डोळे भरून आले. आता माझी काळजी मिटली, ती म्हणाली. धाकटीला मात्र आधी कळवायचं नाही, असं दोघींनी ठरवलं.

थोरली पोचली तेव्हा कॉलेजची जेवणाची सुट्टी चालू होती. कँटीनमध्ये तिने आधी कोपऱ्यातली टेबलं पाहिली. कुठे कुणी एकटं बसलेलं दिसतंय का, ते शोधलं. तेवढ्यात मधल्या टेबलाकडून हसू ऐकू आलं, थेट तिच्या स्वतःच्या हसण्यासारखं. धाकटी कुठल्यातरी शिक्षकांची नक्कल करत होती आणि बाकीच्या मुली पोट धरून हसत होत्या.

धाकटीने तिला पाहिलं. तिचा हात हवेतच थांबला.

"अगं, ही तर हुबेहूब तू," एक मुलगी म्हणाली. "बहीण आहे हे बोलली नाहीस कधी."

"लाजते ती," थोरलीने सांगितलं आणि खुर्ची ओढून धाकटीच्या शेजारी बसली. सुट्टी संपेपर्यंत धाकटी पुन्हा एक शब्द बोलली नाही.

बाहेरच्या जिन्यापाशी दोघी एकट्या उरल्या, तेव्हा धाकटीने विचारलं, "किती दिवस आहेस?"

"आता इथेच. तुझ्याच वर्गात."

"आणि फर्निचर?"

"सोडलं. माझी जागा दुसऱ्या कुणाला दिलीसुद्धा. जाऊ दे ग, तुझ्यापुढे त्याचं काय एवढं?"

धाकटी भिंतीला टेकली. तिने आपल्या हातांकडे पाहिलं. बोलली तेव्हा तिचा आवाज अगदी शांत होता.

"मला तोच कोर्स करायचा होता. पहिल्यापासून."

"मग करायचास ना, वेडे. का नाही केलास?"

धाकटीने मान वर केली.

"तिथे तू असणार होतीस."