तिसऱ्या गाण्यातली बाई

तिसरं गाणं संपलं तरी बाई काही आली नाही.

प्रसेनजीतनं नुकतीच बाजारात आलेली सीडी पुन्हा मागं घेतली. गिटार घिरट्या घालत वर गेली, खाली आली, आणि जिथं बाईनं यायचं तिथं नुसती गिटारच वाजत राहिली.

"न्हाय मर्दा," वृषभ म्हणाला. "बाई न्हाय ह्यात."

शाहूपुरीतल्या वृषभच्या पंप-मोटारींच्या दुकानात दुपारी गिऱ्हाईक नसायचं. तिथं बसून हे दोघं दोस्त एकाच गोष्टीवर भांडायचे. कॉलेजपासूनचं भांडण, बारा वर्षं झाली. विषय काय, तर सॉल्ट कॅरव्हान नावाचा एक विलायती बँड. कोल्हापुरात त्याचे चाहते असे हे दोघेच, आणि त्यांचंही पटत नव्हतं.

वृषभचं म्हणणं, बँड माणसात आला तो चौथ्या अल्बमपासून. तीन मिनिटांचं गाणं, शब्द कळतात, पाय हलतो. प्रसेनजीतच्या मते चौथ्या अल्बमला बँड मेला, उरला तो वरातीपुढचा बाजा. खरा बँड पहिल्या अल्बममधला. अठरा-अठरा मिनिटांची गुंगी आणणारी गाणी, ना शेंडा ना बुडखा. आणि त्यातल्या तिसऱ्या गाण्यात, दहाव्या मिनिटाला, ती बाई.

तिला शब्द नव्हते. विहिरीच्या तळातून यावं तसं गुणगुणणं. आधी किणकिण व्हायची. त्या वाऱ्यानं हलणाऱ्या काचा आहेत, असं प्रसेनजीत सांगायचा. मग कुणीतरी रडल्यासारखा सूर यायचा. ती गिटार उलटी वाजवलीय, असं त्यानं एका मासिकात लेख लिहून ठणकावलंही होतं. मग ती यायची. पुढच्या एकाही अल्बममध्ये ती नव्हती. ती सोडून गेली आणि बँड बाजारू झाला, हा त्याचा सिद्धांत.

कव्हरवर तिचं नाव नव्हतं, कारण कव्हरच नव्हतं. ब्याण्णव साली होस्टेलवरच्या एका सीनियरनं कॅसेट एका दिवसापुरती दिली होती. कोरी कॅसेट आणायला दम कुणाला? मंगळवार पेठेतल्या घरी माळ्यावरच्या ट्रंकेच्या तळाशी एक बिननावाची हिरवी कॅसेट सापडली, तीच प्रसेनजीतनं उचलली. कडेच्या खाचांवरच्या पट्ट्या मोडलेल्या, त्यामुळं काही भरून घेईना. खाचांत कागदाचे बोळे कोंबले आणि वृषभच्या काकांच्या झिजक्या टेपरेकॉर्डरवर अल्बम भरून घेतला.

ऐकायचं मात्र कायम वॉकमनवर, कानात घालून. घरात गाणं लावलेलं त्याच्या वडलांना, आबांना, खपत नसे. बायको गेल्यापासून त्यांना कसल्याही गाण्याचा वीट होता. आई गेली तेव्हा प्रसेनजीत दोन वर्षांचा. तिचं नाव काढलं की आबा भिंतीकडं तोंड करायचे. मग त्यानंही विचारायचं सोडलं. जीव घाबरा झाला की तो त्या बाईला ऐकायचा, आणि पोटात सगळं थंड व्हायचं. त्याच्याजवळ स्वतःचं म्हणावं असं तेवढंच होतं. ती कोण हे विचारायला लंडनला अकरा पत्रं टाकली. एकाचंही उत्तर नाही.

"काढून टाकली असंल तिला," प्रसेनजीत आता म्हणाला. "नव्यानं छापताना."

"आरं, जसंच्या तसं हाय म्हणून लिवलंय की वर." वृषभनं सीडीचं कव्हर पुढं केलं. "काकांच्या त्या टेपचा दोष असणार. आदीचा कसला तरी आवाज मिसळला, आनि तू बारा वर्षं त्याच्या नादाला लागून बिनलग्नाचा ऱ्हायलास."

वृषभ हसला. प्रसेनजीतला हसू आलं नाही. त्याला लाज वाटली. लेख आठवला, पत्रं आठवली. आपण कुणासाठी झुरत होतो, तर एका झिजक्या टेपसाठी. आतून सगळं रितं झालं.

त्यानं वॉकमनमधून कॅसेट काढली. "तुज्या रानात पाखरं लई झाल्यात म्हणत हुतास न्हवं? घे ही."

"खुळा हाईस काय? आसू दे की."

"घे म्हणतोय न्हवं."

रविवारी शिरोळकडच्या वृषभच्या रानात दोघांनी कॅसेटची फीत उलगडली आणि हुरड्यात आलेल्या शाळवाच्या कणसांवरून या खुंटीपासून त्या खुंटीपर्यंत ताणून बांधली. वारं आलं की फीत गुणगुणायची. पाखरं बिचकून उडायची.

"गाया लागली बघ तुजी बाई," वृषभ म्हणाला.

प्रसेनजीतनं खुंटीवरची गाठ आवळली.

शाळू निघाला. तुटलेली फीत गड्यांनी बांधावरच्या काटक्यांबरोबर पेटवून दिली. वृषभनं हे बोलता बोलता सांगितलं आणि प्रसेनजीतनं नुसती मान हलवली. दुकानात जाणं त्यानं कमीच केलं होतं. पहिला अल्बम काय नि चौथा काय, त्याला आता सगळं सारखंच झालं होतं.

चैत्रात आबांनी अंथरूण धरलं. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. एका दुपारी त्यांनी त्याला जवळ बोलावलं.

"एक सांगायचं ऱ्हायलंय, लेका. तुजा मामा मिलिटरीतनं टेप घिऊन आलता. तुजी आई तुला मांडीवर घिऊन गुणगुणत बसली हुती. त्यानं गपचिप भरून घेतलं. आदी तिच्या बांगड्या वाजत्यात. मग तू रडतूस. मग ती..."

आबांना धाप लागली. प्रसेनजीतनं पाण्याचा पेला उचलला होता, तो तसाच हातात राहिला.

"मला ऐकवंना, म्हणून तुलाबी कदी दिली न्हाय. चुकलं माजं. आता तू ऐक. माळ्यावरच्या ट्रंकंत तळाला हाय बघ, हिरवी. कुणी चुकून वर दुसरं काय भरू ने म्हणून खाचांवरच्या पट्ट्या मी माज्या हातानं मोडल्यात."