जुन्या पत्त्यावरचं पार्सल

"तुझं पार्सल आलंय. घेऊन जा." एवढाच तिचा मेसेज होता. त्यामुळे तो आला, आणि जिथे परवापरवापर्यंत स्वतःच्या किल्लीने शिरायचा त्या दाराची बेल वाजवून उभा राहिला.

दार तिनेच उघडलं. हॉस्पिटलातून नुकतीच आली असावी. अंगावर नर्सचा गणवेश तसाच, पायांत घरातल्या सपाता. "ये," म्हणाली आणि बाजूला झाली. तो चपला काढताना घुटमळला. त्याच्या चपलांच्या जागी आता सासूबाईंची काठी टेकवलेली होती. त्याने चपला बाहेरच काढल्या.

खोकं जेवणाच्या टेबलावर होतं. वर त्याचं नाव, खाली या घराचा पत्ता.

"काय मागवलं होतंस एवढं जड?"

"कीबोर्ड. म्हणजे त्याचे सुटे भाग. जोडायचा आपला आपण."

"आणखी एक?"

"नवा नाही गं. मागवला तेव्हा मी इथेच होतो."

ते खरं होतं. असे कीबोर्ड दुकानात मांडून ठेवलेले नसतात. हौशी लोकांनी आधी पैसे भरायचे, पुरेशी माणसं जमली की मग दूर कुठल्या तरी कारखान्यात ते घडवायला घेतात. वर्ष जातं, कधी दोन जातात. मधल्या काळात मागवणाऱ्याच्या घरी काय झालं, हे कारखान्याला कोण कळवणार?

"इथेच उघडून बघ," ती म्हणाली. "फुटलं-बिटलं असलं तर माझ्या नावाने बोटं मोडशील."

तो सवयीने ओट्याजवळच्या खणाकडे वळला. खणात कात्री नव्हती.

"आता इकडे ठेवते," म्हणत तिने ती फ्रिजवरून काढून दिली.

खोक्यातून एकेक वस्तू निघाली. ॲल्युमिनियमची जाडजूड चौकट. स्पंजमध्ये गुंडाळलेला सर्किट बोर्ड. अक्षरांच्या टोप्या, राखाडी आणि फिकट हिरव्या. तळाशी एका पिशवीत बोटाच्या पेराएवढे स्विच, प्रत्येक अक्षराखाली बसवायचा एकेक. त्याने बोर्ड उजेडात धरून उलटसुलट पाहिला. चेहऱ्यावर नकळत हसू आलं. तिने ते पाहिलं आणि पिशवीतला एक स्विच उचलून अंगठ्याने दाबला. मग कानाशी नेऊन दाबला.

"बिघडलाय का रे हा? आवाजच येत नाही."

"बिघडलेला नाही. मुकेच आहेत ते. आत रबर बसवलेलं असतं."

"तुला तर टकटक आवडायची. त्याशिवाय लिहिल्यासारखं वाटत नाही म्हणायचास."

"हो."

तिचा अंगठा स्विचवर तसाच राहिला. तिची ड्यूटी पहाटेची आणि याची भाषांतरं रात्रीची. टेबल पलंगाच्या पायथ्याशी, कारण घरात दुसरी जागाच नव्हती. टकटकीवरून सुरू झालेलं बोलणं मग भलतीकडेच जायचं.

"सांगितलं का नाहीस?"

"आला की दाखवणार होतो."

स्विच तिने पिशवीत परत टाकला.

"कोण आलंय गं?" आतून सासूबाईंनी विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता भिंतीला धरत बाहेर आल्या. त्याला पाहून त्यांचा चेहरा फुलला. "अहो जावईबापू! उभे का? बसा ना, बसा." मग त्यांनी लेकीकडे पाहिलं. चष्मा काढून पदराने पुसला. "चहा तरी घेऊन जा," म्हणाल्या.

"नको आई, निघतोच."

"बरं," म्हणून त्या तिथेच उभ्या राहिल्या. टेबलावर पसरलेल्या वस्तूंवरून त्यांनी नजर फिरवली, पण हे काय म्हणून विचारलं नाही.

तो सगळं परत खोक्यात भरू लागला. निघालं तेव्हा नीट बसलेलं होतं, आता झाकण लागेना. तिने वरून तळव्याने दाबून धरलं, त्याने चिकटपट्टी फिरवली. चुकूनही बोटाला बोट लागणार नाही, याची दोघांनीही काळजी घेतली.

"तिकडे कसं आहे?" तिने विचारलं.

"ठीक आहे. शांत आहे."

"शेजारपाजार?"

"दोन्ही बाजूंना कुलूप असतं."

"म्हणजे आता कितीही वाजव."

"हो," तो म्हणाला. "झोपमोड व्हायला कुणीच नाही."

ती हसली नाही. त्याने खोकं छातीशी धरलं आणि दोन्ही हात अडकलेले असताना चपलांत पाय सारू लागला. एक पाय काही केल्या जाईना. ती वाकणार होती, वाकली नाही. दाराला धरून उभी राहिली.

"आणखी काही यायचंय का या पत्त्यावर? मी घरात नसले तर आईला सांगून ठेवलेलं बरं."

काहीच यायचं नव्हतं. हे शेवटचंच होतं.

"एक आहे," तो म्हणाला. "पण वेळ लागेल. वर्षभर तरी."

तिने त्याच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

"बरं. आलं की कळवते," म्हणाली, आणि तो जिना उतरायला लागेपर्यंत तिने दार लावलं नाही.

खाली बसथांब्याच्या बाकावर तो खोकं मांडीवर घेऊन बसला. त्याने फोन काढला. नोंदणी चालू असलेल्या नव्या कीबोर्डांची यादी त्यावर उघडली. एकाहून एक देखणी चित्रं वर सरकत गेली. त्यांच्याकडे त्याचं लक्ष नव्हतं. प्रत्येक चित्राखाली बारीक अक्षरांत, माल हाती कधी पडेल याचा अंदाज दिलेला होता. त्याची बस आली, थांबली, गेली. सगळ्यांत उशिरा येणारा कुठला, ते तो शोधत होता.