हाडांचं वय

तर झालं असं, बायजाबाई लेकीला, शैलाला, सोबत घेऊन पेन्शनच्या शिबिराला गेल्या. कागदावरचं वय सरकारनं केव्हाच बंद केलेलं. आता मशीनमध्ये हात घालायचा, ते हाडामांसाचं वय सांगतं, आणि ते साठच्या वर असलं तरच पेन्शन.

बायजाबाई सदुसष्ट वर्षांच्या, सगळा जन्म शेतात गेलेला. मशीननं दाखवलं, त्रेचाळीस. मागं उभ्या शैलानंही गंमत म्हणून हात घातला. ती चाळिशीची, वीस वर्षं यंत्रमागावर कापसाची धूळ खाल्लेली. मशीननं दाखवलं, सहासष्ट.

"अदलाबदल झाली बघ बाळा," बायजाबाई टेबलावरच्या क्लार्कला म्हणाल्या. "परत घे."

त्यानं परत घेतलं. तेच आलं.

"मावशी, तुमची पेन्शन बंद. या ताईंची सुरू."

"घर एकच की गं आपलं," शैला हसत म्हणाली, "तुझ्याऐवजी मी आणीन." हसता हसता तिला खोकला लागला, तो थांबेचना.

बायजाबाईंना काही सुधरेना. पैसे तर येणारच होते, पण आईपेक्षा लेक थोरली कशी? आणि थोरलं माणूस तर आधी जातं.

त्यांनी पुन्हा मशीनमध्ये हात घातला.

"मावशी, तुमचं झालंय."

"हात माझा असू दे, नाव शैलाचं घाल."

"अहो, मग त्यांचीही पेन्शन जाईल."

"जाऊ दे," बायजाबाई म्हणाल्या. "तिचं वय त्रेचाळीस लिही."