विहिरीचे सात ठराव

ओव्हरसियरने चुन्याच्या फक्कीची शेवटची मूठ सोडून वर्तुळ पुरं केलं आणि अंबूबाई तरातरा जाऊन त्याच्या मधोमध उभी राहिली.

"हितं न्हाई," ती म्हणाली. "आमची हीर हितं न्हाई खांदायची."

वर्तुळ पडलं होतं सरपंच आनंदरावांच्या अंगणात, गोठ्याच्या अगदी समोर. आणि विहीर मंजूर झाली होती ती ओढ्यापल्याडच्या बौद्धवस्तीला. बहात्तरच्या दुष्काळानंतर सरकारने पाण्याची कामं हाती घेतली, तेव्हा वस्तीच्या उंबराखाली जागा ठरली होती. वस्तीतली अंबूबाई पंचायतीत बायकांच्या राखीव जागेवर होती. मंजुरी आल्याचं कळल्यावर तिने घरोघर साखर वाटली होती.

कागदावर विहीर सगळ्यांचीच राहणार होती. पण दुसऱ्याच्या अंगणात हंडा घेऊन जायचं म्हणजे काय, हे वस्तीतल्या बायकांना कोणी शिकवायला नको होतं. लांब उभं राहायचं, कोणी वरून ओतेल तेव्हा घ्यायचं. नाही ओतलं तर रिकामा हंडा घेऊन ओढ्यात झिरे उकरायला जायचं. अंबूबाईच्या अंगाचा तिळपापड झाला होता.

"अंबू, उगा कालवा करू नगंस," आनंदराव म्हणाले. "शेवटच्या ठरावात जागा चाळीस फूट हलली, यवढंच. सायबाला कामाला लागू दे."

"शेवटचाच कशाला? पयल्यापासनं वाचा. मंजुरीपासनं आजपतुर जे जे बदललं, ते समदं वाचा."

चालू ठराव तेवढा धरायचा असतो, जुनं उकरण्यात अर्थ नाही, असं ग्रामसेवक पुटपुटला. पण ओव्हरसियर मार्गासनीला एसटीतून उतरून भर उन्हात चालत आला होता आणि ही बाई वर्तुळातून हलल्याशिवाय कुदळ लागणार नाही, हे त्याला दिसत होतं.

"वाचा," तो म्हणाला.

अंबूबाई ओढा ओलांडून थेट उंबराखाली जाऊन उभी राहिली. मागोमाग वही घेऊन ग्रामसेवक, टेप घेऊन ओव्हरसियर आणि त्यांच्या मागे सगळं गाव.

पहिला बदल पंचवीस फुटांचा, खाली कातळ लागेल म्हणून. टेप तेवढी ताणली, अंबूबाई तेवढी सरकली. दुसरा गुरांच्या वाटेसाठी. तिसरा कोणाच्या तरी बांधासाठी. कारणं ऐकायला कशी अगदी रास्त. चौथ्या ठरावाला ती ओढ्यात उतरली, पाचव्याला गावाच्या बाजूला चढली. सातव्याला ती पुन्हा फक्कीच्या वर्तुळात येऊन उभी होती. पाय नसलेली विहीर ओढा ओलांडून सरपंचाच्या दारी आली होती, आणि कोणाच्या ध्यानातही आलं नव्हतं.

"एकदम नेली असती तर आमी आडवं पडलो असतो," अंबूबाई म्हणाली. "म्हून हातभर हातभर सरकवली. कुनी केलं ह्ये? नावं वाचा."

आनंदराव हसले. ते हसणं तिला जिव्हारी लागलं.

"वाचा की," ते म्हणाले. "माजं नाव कुठं सापडतंय का बगा."

ग्रामसेवकाने घसा साफ केला. सातही ठरावांवर तीच दोन नावं होती. ठराव मांडणारी, म्हणजे सूचक, फुलाबाई. त्याला पाठिंबा देणारी, म्हणजे अनुमोदक, अंबूबाई. दोघींचे अंगठे.

आता वस्ती तिच्याकडे बघू लागली. दर सभेला ग्रामसेवक वही पुढे करायचा, जागा थोडी हलवली नाही तर मंजुरी जाईल म्हणायचा, आणि ती अंगठा उठवायची. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग त्या शरमेचाही संताप आला. फुलाबाई म्हणजे आनंदरावांची बायको, पंचायतीतली दुसरी बाई. गोठ्याच्या दाराशी ती डोक्यावर पदर घेऊन उभी होती.

"फुलाबाई," अंबूबाई म्हणाली, "तुमच्या दारात पानी यावं म्हून माजा अंगठा वापरलात व्हय?"

फुलाबाई चारचौघांत कधी बोलली नव्हती. नवऱ्याकडे न बघता ती म्हणाली, "मला तर दर बारीला सांगितलं, वस्तीच्या बायाच म्हनत्यात, हीर जरा हिकडं घ्या."

आनंदराव ग्रामसेवकाकडे बघू लागले आणि ग्रामसेवक वहीकडे.

"समदे पंच हितं हायेत," अंबूबाई म्हणाली. "आठवा ठराव लिवा. हीर उंबराखाली. सूचक म्या."

ओव्हरसियर बघत होता, म्हणून ग्रामसेवकाला लिहावं लागलं. लिहून झाल्यावर त्याने मान वर केली.

"अनुमोदक?"

चिमाजी बैलांकडे बघत राहिला. सोनबाने तंबाखूची चंची काढली. बाकीच्या पंचांनाही एकाएकी कामं आठवली.

"अनुमोदक नसंल तर ठराव पडला," आनंदराव म्हणाले.

गोठ्याच्या पायरीवरून फुलाबाई खाली उतरली. नवऱ्याच्या पुढून चालत ती वर्तुळात, अंबूबाईच्या शेजारी येऊन उभी राहिली. ग्रामसेवकाने सवयीने शाईचं पॅड उघडून तिच्यापुढे धरलं.

"थांबा," फुलाबाई म्हणाली. "आदी वाचून दावा."