अठरा पावलं

शिट्टी वाजली. पंचाने हात पेनल्टीच्या ठिपक्याकडे केला आणि डेव्हिड सुजलेला गुडघा विसरून बाकावरून उठला.

पाच मिनिटं उरली होती. दोन्हीकडे गोल शून्य. मोसमात दहा सामने हरलेल्या भीमा रोव्हर्सला आज शिरूरकरांशी नुसती बरोबरी पुरत होती. हरले तर दुसऱ्या गटातून थेट तिसऱ्यात. तिथे घसरलेला क्लब पुन्हा वर आल्याचं डेव्हिडने प्रशिक्षक म्हणून वीस वर्षांत पाहिलं नव्हतं.

शिरूरच्या पोराला पाडलं होतं जॉन्सनने, डेव्हिडच्याच मुलाने. आपण बॉक्सच्या बाहेर होतो, असं तो पंचाला परोपरीने सांगत होता. लहानपणापासून याच मैदानावर खेळलेला. बॉक्स कुठे संपतो हे त्याला डोळे मिटूनही कळायचं. पंचाने नुसतं खाली बोट दाखवलं. बुटाची घसट फक्कीच्या पांढऱ्या रेघेच्या वीतभर आत होती.

"रेघ तुमचीच हाय ना?" शिरूरचा कप्तान म्हणाला. "का ती बी आम्हीच आणली शिरूरवरनं?"

डेव्हिडची नजर जॉन्सनच्या लांब पायांवर गेली आणि तिथेच खिळली.

दर सामन्याला तो स्वतः फक्की मारायचा. टेप कधी लावली नाही. गोलपासून आपली अठरा पावलं, की बॉक्सची रेघ. आज गुडघ्यामुळे त्याने डबा जॉन्सनच्या हातात दिला होता आणि सावलीतून बजावलं होतं, अठरा, मोजून. जॉन्सनने मोजून अठराच टाकली होती. बापापेक्षा वीतभर उंच पोरगा.

डेव्हिडने तोंड उघडलं, मिटलं. गोलकीपर डावीकडे झेपावला. चेंडू उजवीकडून आत गेला.

मैदान रिकामं झालं तरी जॉन्सन बॉक्समध्येच बसून होता.

"पप्पा, खरं सांगा. म्या रेघ चुकवली का?"

डेव्हिड लंगडत गोलपाशी गेला आणि तिथून मोजत निघाला. सतराव्या पावलाला थांबला. रेघ अजून चांगली दीड पाऊल पुढे होती. जॉन्सन त्याच्या पायांकडेच बघत होता.

शेवटचं पाऊल डेव्हिडने जमेल तेवढं लांब फेकलं. गुडघ्यातून कळ मस्तकात गेली. टाच फक्कीत रुतली.

"अठरा," तो म्हणाला.