पाटणचा मठ कोणाचा?

शेवटच्या प्रश्नाला वृषाली एका गुणानं पुढे होती. बोट बझरवर. समोर धुळ्याचा बुद्धभूषण, सारखा चष्मा वर सरकवत.

"भास्कराचार्यांच्या ग्रंथांचा अभ्यास व्हावा म्हणून पाटणला मठ कोणी स्थापन केला?"

पाटण! चाळीसगावच्या पोरीला शेजारचं पाटण विचारतात! वृषालीला हसूच फुटलं. तिनं बझर दाबला.

"त्यांच्या मुलानं. लक्ष्मीधरानं!"

"चूक. एक गुण वजा."

"नातवानं. चांगदेवानं," बुद्धभूषण शांतपणे म्हणाला, आणि करंडक त्याचा झाला.

"पाटणच्या शिलालेखातच आहे की ते," परीक्षक म्हणाले. "तू तर चाळीसगावची ना? इतिहासात ऐकीव चालत नाही, पोरी."

सगळं सभागृह खो खो हसलं.

या स्पर्धेला शाळेतून एकालाच पाठवायचं होतं. निवडचाचणीत तिची मैत्रीण सोनल एका गुणानं मागे पडली. पेपर कोणालाच परत मिळाले नाहीत, नुसते गुण फळ्यावर लागले. वृषालीला वाटलं, आता ही आपल्याशी बोलायची नाही. पण दुसऱ्याच दिवशी सोनलनं तिच्या हातात दोनशे कार्डं ठेवली. पुढे प्रश्न आणि उत्तर. मागे बारीक अक्षरात ते कुठून मिळालं ते: पुस्तक, पान, तारीख. सोनलची ही जुनीच खोड. चाचणीच्या आदल्या संध्याकाळीसुद्धा शंका विचारायला तिचा फोन आला होता. वृषालीनं जेवताजेवता काहीतरी सांगून तो ठेवून दिला होता.

वृषालीनं कार्डांच्या पुढच्या बाजू तेवढ्या पाठ केल्या. लक्ष्मीधर तर एका वाचनातच डोक्यात बसला, आधी कुठंतरी ऐकल्यासारखा.

आज सकाळी धुळ्याच्या बसमध्ये तिची बॅग मांडीवर घेऊन सोनल म्हणाली होती, "तुले बठ्ठं येस. सगळं येतंय तुला, घाबरू नको."

आता ती सभागृहाबाहेर पायऱ्यांवर तीच बॅग सांभाळत थांबली होती.

"मुद्दाम केलंस ना?" वृषाली थेट अंगावरच गेली.

"काय केलं?"

"लक्ष्मीधर! माझी निवड झाली, तुझी नाही, म्हणून खोटं उत्तर घातलंस कार्डात. चारचौघांत हसू केलंस माझं. मैत्रीण म्हणे!"

सोनल बघतच राहिली. "ते चूक होतं?"

"जास्त साळसूद बनू नको."

"अगं, चाचणीत मीपण तेच लिहिलं होतं."

"थापा! कोणत्या पुस्तकात मिळालं तुला? दाखवतेच तुझा पुरावा तुलाच."

वृषालीनं बॅग हिसकावली, गठ्ठा काढला. कार्डं भराभर सरकवत तिनं पाटणचं शोधलं आणि उलटं केलं.

मागे बारीक अक्षरात लिहिलं होतं: "वृषाली, फोनवर. तिनं सांगितलंय, म्हणजे पुस्तकात बघायची गरज नाही."